पोराला राजमाचीच्या शिबिराला पाठवलं, त्याचा अनुभव

मी तळेगाव दाभाड्यात शिवणकाम करते, सोळा वर्षं झाली. ब्लाउज, ड्रेस, शाळेचे गणवेश, आणि त्यातच दोन शाळांचे स्काऊटचे गणवेश. स्टील ग्रे शर्ट, पुढे दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, गडद निळी पँट. स्काऊटशी आमच्या घराचा संबंध आधी मशीनवरून आला, मग लेक सहावीत असताना पथकात गेला. आता सातवीत आहे, द्वितीय सोपान, म्हणजे स्काऊटमधली दुसरी पायरी, करतोय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तीन रात्रींच्या शिबिराला लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यापाशी पाठवलं होतं. शाळेचं नव्हे, खाजगी शिबिर. फी 4,800 रुपये. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही, दिवाळीच्या ऑर्डरींमधून बाजूला काढलेले पैसे होते. म्हणून त्यात काय मिळालं आणि काय नाही, ते नीट लिहिते.

शिबिर घेणारे दोघे भाऊ आहेत. मदतीला कॉलेजातल्या दोन मुली असतात, त्या लहानपणी याच शिबिरांना यायच्या. वर्षाला चारच शिबिरं आणि एका शिबिराला अठराच मुलं. "ताई, नाव टाकू नका कुठे, नंतर लोकांना नाही म्हणायला आम्हालाच जड जातं," असं धाकट्यानं सांगितलं, म्हणून नाव देत नाही. पण मी खाली जे लिहितेय ते वाचून तुम्हाला तुमच्या जवळच्या शिबिरवाल्यांना काय विचारायचं ते कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शिबिर झाल्यावर त्यांनी तीन तंबू माझ्याकडे दुरुस्तीला दिले आणि त्याचे पैसेही दिले. माझं मत त्याआधीच बनलं होतं, पण वाचणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

गेल्या वर्षी लेकाला एका धरणाच्या काठच्या अ‍ॅडव्हेंचर कॅम्पला पाठवलं होतं. साठाहून जास्त मुलं आणि चार मोठी माणसं. रात्री साडेबारापर्यंत स्पीकर. त्यांनी ग्रुपवर झिपलाइनचे फोटो टाकले, त्यातला माझ्या पोराचा फोटो मी मोठा करून पाहिला. मला सवयच आहे, कुठलाही कपडा दिसला की आधी नजर शिवणीवर जाते. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा क्लिप तुटल्यामुळे गाठ मारून बांधला होता. सुती नाडीची साधी गाठ, ओढली की सुटणारी. त्या रात्री मला झोप लागली नाही. तो घरी आल्यावर विचारलं, तंबू कसा लावला रे? म्हणाला, "लावलेलेच होते." स्वयंपाक? "काउंटर होता." दोन दिवस माझं पोर डोंगराच्या पायथ्याशी राहून आलं आणि त्याच्या हाताला काहीच लागलं नव्हतं, ना राख, ना दोरी, ना माती. त्या लोकांना मी सगळं लेखी कळवलंय, तो विषय तिथेच ठेवते.

यंदाचं शिबिर सुरू व्हायच्या आठ दिवस आधी पालकांची आणि मुलांची बैठक होती. मुलांनी भरलेली सॅक घेऊन यायचं, असा निरोप होता. तिथे दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगलेला. प्रत्येक मूल वजनकाट्यावर उभं राहायचं, मग त्याची सॅक ताणकाट्याला लावायची. माझा लेक 37 किलोचा, सॅक 7 किलो 800 ग्रॅम. थोरला भाऊ म्हणाला, शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं 2020 च्या दप्तर धोरणात आहे, डोंगरात थोडं जास्त धरतो, पण याच्या पाठीवर सहा किलोच्या वर एक ग्रॅमही जाणार नाही. काय काढायचं ते मुलानं ठरवायचं, आईनं हात लावायचा नाही. लेकानं दोन टीशर्ट काढले, मी घातलेली जाड चादर काढली, लाडवांचा डबा ठेवला. 5 किलो 700. पोरानं स्वतः विचार करून वस्तू बाजूला काढताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याच बैठकीत डिओ, अत्तर, वासाचं तेल आणू नका असं बजावलं. सह्याद्रीत कड्यांना आग्यामोहोळं असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा यानं माशा उठतात आणि एकदा उठल्या की कुणाचं चालत नाही. हे कारण मुलांना सांगितलं, नुसता नियम नाही सांगितला. मग दोघांची प्रशस्तिपत्रं बघायला ठेवली होती. थोरल्यानं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स केलेत, धाकट्याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, त्याप्रमाणे नोंदणी केलीय का, असं मी विचारलं. कागद काढून समोर ठेवला. विचारल्याचा राग आला नाही, उलट बाकीच्या पालकांना म्हणाले, तुम्हीपण बघून घ्या.

आता सॅकबद्दल, कारण ते माझं क्षेत्र आहे. बाजारात लहान मुलांच्या ज्या सॅक मिळतात त्यांचे खांद्याचे पट्टे वरच्या शिवणीत नुसते अडकवलेले असतात, दोन टिपा मारल्या की झालं. दुकानात घेतानाच पट्टा आडवा ओढून बघा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर ती सॅक दुसऱ्या सहलीला उसवणार. लेकाच्या सॅकचे पट्टे मी उसवून पुन्हा बसवले. आतून निवारीची पट्टी लावली, पॉलिस्टरचा जाड दोरा घेतला आणि पट्ट्याच्या टोकाला चौकट शिवून मध्ये फुली मारली. अशी चौकट-फुली असली की ओढ एका ओळीवर न येता सगळीकडे वाटली जाते. तीस मिनिटांचं काम आहे, तुमच्या कोपऱ्यावरचा बॅगवालाही करून देईल. ओळखीच्या दोन मुलांच्या सॅकही आणून दिल्या होत्या, त्याही केल्या.

पहिल्या दिवशी लोकलनं लोणावळा, तिथून तुंगार्लीच्या बाजूनं चालत राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी. पंधरा किलोमीटरची वाट आहे, फार चढ नाही, पण लांब. पुढचं मी लेकाच्या वहीतून सांगतेय. स्काऊटमध्ये हाईकचा अहवाल लिहावा लागतो, आणि या भावांनीही प्रत्येक मुलाला एक वही दिली होती. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं लिहायचं. काय लिहायचं ते कुणी सांगत नाही आणि कुणी तपासतही नाही. पहिल्या दिवसाच्या पानावर त्यानं लिहिलंय, "बारा किलोमीटर झाल्यावर पाय दुखायचे थांबले." मी त्याला विचारलं, थांबले म्हणजे? म्हणाला, "दुखत होते, पण मग मी श्रीवर्धनकडे बघायला लागलो."

राजमाची म्हणजे श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि पायथ्याशी उधेवाडी गाव. कल्याणकडून बोरघाटानं वर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला ही जागा होती. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी मुलांना श्रीवर्धनवर नेलं तेव्हा थोरल्या भावानं इतिहास सांगायच्या आधी प्रत्येक संघाला होकायंत्र आणि कोरा कागद दिला. इथून घाटाची वाट कुठून दिसते ते शोधा आणि नकाशा काढा म्हणाला. इतिहास नंतर. लेकाच्या वहीत तो नकाशा आहे. उत्तर दिशा आधी चुकलीय, खोडून परत काढलीय.

अठरा मुलांचे सहा-सहाचे तीन संघ होते. प्रत्येक संघात एक मूल राजमाची-लोणावळा परिसरातल्या गावांमधलं, त्यांची फी घेत नाहीत. पहिल्या रात्री शेकोटीपाशी मुलांना स्काऊटच्या पहिल्या शिबिराची गोष्ट सांगितली. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना नेलं होतं. काही मोठ्या घरच्या शाळांमधली, काही कामगारांच्या घरची. चार संघ केले होते, नावं लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू नावाचा एक पाणपक्षी. आमच्या मुलांनी तिथल्या तिथे आपल्या संघांची नावं ठरवली. लेकाच्या संघाचं नाव भारद्वाज, कारण संघातल्या उधेवाडीच्या मुलानं सकाळीच त्यांना भारद्वाज दाखवला होता. संघनायक आठवीतली मुलगी होती, पिंपरीची.

तंबूंबद्दल मला सविस्तर लिहायचंय. तीन मुलांना एक असे सहा घुमटी तंबू, त्यातले मुलींचे तीन वेगळे, देवळापासून थोड्या अंतरावरच्या सपाटीला. तंबू मुलांनीच लावायचे. लेकाच्या तिघांना पहिल्या संध्याकाळी पन्नास मिनिटं लागली आणि तंबूचं तोंड नेमकं वाऱ्याकडे झालं. धाकटा भाऊ शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. मला फोनवर नंतर म्हणाला, "दिसत होतं ताई, पण थंडी वाजून काही होणार नव्हतं, बाकी सगळं तपासलं होतं." रात्रभर कापड फडफडत राहिलं, पोरांना झोप लागली नाही. सकाळी उठून चहाच्या आधी त्यांनी स्वतःच तंबू उपटला, वाळलेलं गवत मुठीतून सोडून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि पंधरा मिनिटांत तोंड फिरवून लावला. मला हे शिबिर का आवडलं ते या एका गोष्टीत आलं. धोका कुठला आणि नुसता त्रास कुठला, हे त्या भावांना कळतं. धोक्यापाशी ते कडक आहेत, त्रासापाशी हात मागे बांधून उभे राहतात. पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या माणसाला हात मागे बांधणं फार कठीण असतं, कारण पालकांना फोटोत हसणारं पोर हवं असतं.

सकाळी तंबूचं बाहेरचं कापड आतून ओलं होतं. मुलांना वाटलं पाऊस झाला. ती त्यांच्याच श्वासाची वाफ, थंड कापडाला लागून पाणी झालेली. म्हणूनच तंबूला दोन कापडं असतात, आतलं जाळीदार आणि बाहेरचं पाणी अडवणारं, मध्ये चार बोटं जागा. दोऱ्या ढिल्या राहिल्या की बाहेरचं आतल्याला चिकटतं आणि पाणी थेट अंथरुणावर येतं. हे मुलांना कोरडेपणी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. ओल्या सकाळनंतर सगळ्यांनी दोरी ताणून खुंटीला बांधायची क्लोव्ह हिच गाठ नीट शिकून घेतली. शाळेत हीच गाठ तो महिनाभर बाकाच्या पायाला मारत होता.

दुसऱ्या रात्री कुणीतरी लघवीला उठताना दोरीत पाय अडकला आणि बाहेरच्या कापडाचा कोपरा जिथे दोरीची कडी असते तिथून टराटर फाटला, वीतभर. बॅटरीच्या उजेडात माझ्या लेकानं तो शिवला. त्याच्या सॅकमध्ये मी सुई-दोऱ्याची डबी घातली होती, शर्टाचं बटण तुटलं तर म्हणून. पुढे तोच तंबू दुरुस्तीला माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो कोपरा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. फाटलेल्या जागेखाली त्यानं रुमाल चौघडी करून घातला होता. सुरुवातीचे पाच-सहा टाके धावदोऱ्याचे, लांब लांब. मग त्याच्या लक्षात आलं असावं की ओढलं की सगळे एकदम सरकतात, कारण तिथून पुढे हातटीप आहे, एक टाका पुढे आणि अर्धा मागे. शेवटी तीन गाठी. मी त्याला हातटीप कधी शिकवली नाही. माझ्या बाजूला बसून गृहपाठ करताना त्यानं पाहिली असेल. तो कोपरा शेवटच्या रात्रीही उसवला नाही.

तंबूंबद्दल तक्रारही आहे. नायलॉनच्या कापडात सुई जिथून जिथून जाते तिथे भोक राहतं. जुन्या सुती कॅनव्हासमध्ये पाणी लागलं की धागा फुगतो आणि भोक बुजतं, नायलॉन फुगत नाही. म्हणून शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते. माझ्याकडे आलेल्या तिन्ही तंबूंची टेप ठिकठिकाणी सुटून लोंबत होती. डिसेंबरात पाऊस नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. याच तंबूत पावसाळ्यात मुलं झोपली तर प्रत्येक शिवणीतून थेंब गळेल. टेप बदलल्याशिवाय मी माझ्या मुलाला पावसाळी शिबिराला पाठवणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलंय.

स्लीपिंग बॅग त्यांनीच दिल्या होत्या, भाडं फीमध्ये धरलेलं. लेकाच्या बॅगची चेन बंद होत नव्हती, त्यानं तीन सेफ्टी पिना लावून दोन रात्री काढल्या. चेन खराब नव्हती, रनर, म्हणजे चेनवर सरकणारी कडी, झिजला होता. रनर घासून सैल झाला की दात एकमेकांत बसत नाहीत. पकडीनं दोन्ही बाजूंनी हलका दाबला तर महिनाभर चालतो, नवा टाकला तर वीस-तीस रुपयांचं काम. हे शिबिराच्या आधी बघायला हवं होतं. राजमाचीला डिसेंबरातली पहाट चांगलीच गार असते. तुम्ही विकत घेणार असाल तर बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, त्यातला कम्फर्टचा आकडा बघा. लिमिट म्हणजे मोठ्या माणसानं अंग चोरून कशीबशी रात्र काढायची मर्यादा, मुलांसाठी तो आकडा धरू नका.

दिवसातली दोन जेवणं गावातल्या एका मावशींच्या घरी होती. तांदळाची भाकरी, पिठलं, वालाची आमटी, भात, एका रात्री कुळथाचे शेंगोळे. मावशी पोरांना पंगतीला बसवून वाढतात आणि ताटात टाकलेलं त्यांना चालत नाही. माझ्या पोरानं घरी कधी कुळीथ तोंडात धरला नव्हता. आता आठवड्यातून एकदा मागतो, पण माझे शेंगोळे मावशींसारखे होत नाहीत असंही सांगतो. पाणी उकळून गार केलेलं होतं, ते मी बैठकीतच विचारून घेतलं होतं.

तिसरं जेवण मुलांचं मुलांनी करायचं. पहिल्या दिवशीची खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली. तीच खाल्ली, दुसरं काही दिलं नाही, रात्री मावशींकडे पोटभर मिळालं. तिसऱ्या दिवशी बिनभांड्याचा स्वयंपाक होता. निखाऱ्यात बटाटे आणि वांगी, आणि कणकेची लांब वळी काठीला गुंडाळून भाजायची. वळी जाड केली तर आत कच्ची राहते, पातळ केली तर काठीवरून गळून राखेत पडते. भारद्वाज संघाच्या दोन वळ्या राखेत गेल्या. लाकूड फक्त पडलेलं वेचायचं, ओलं तोडायचं नाही, आणि चूल खड्ड्यात, भोवतीचं गवत वाळलेलं म्हणून हातभर साफ केलेलं. वणवा कसा लागतो ते गावातल्या मुलानं सांगितलं. त्यानं पाहिलेला होता. निजायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, हात लावून गार झालेत का बघायचं काम रोज एका संघाकडे.

आता रॅपलिंग, म्हणजे दोरीनं कडा उतरणं. माझा जीव यातच अडकला होता. गावाजवळ तीसेक फुटांचा सोपा कातळ आहे, तिथे. हेल्मेट प्रत्येकाच्या मापाचं, हार्नेस, म्हणजे कमरेला बांधायचे पट्टे, आधी मदतीच्या एका मुलीनं तपासायचा, मग थोरल्या भावानं, आणि मग मुलानं स्वतः बकलांना हात लावून मोठ्यानं सांगायचं. उतरायची दोरी वेगळी आणि सांभाळायची दुसरी, ती खालून नाही तर वरून धरलेली. लेकानं विचारलं, स्काऊटमध्ये माणूस वाचवायला बोलाइन गाठ शिकवतात, मग इथे आठाची गाठ का? त्याला उत्तर मिळालं की आठाची गाठ बरोबर बसलीय का ते चार हात लांबूनही दिसतं. दुसऱ्याच्या जिवाची गाठ अशीच हवी. हे वाक्य त्यानं वहीत दोनदा लिहिलंय.

रॅपलिंगच्या पहिल्या दिवशी तो कड्यापर्यंत गेला आणि परत फिरला. कुणी टाळ्या वाजवून पुढे ढकललं नाही, कुणी चिडवलंही नाही. थोरल्यानं त्याला विचारलं, दोरी गुंडाळायला मदत करशील का? त्या दिवशी उरलेल्या सगळ्या मुलांची दोरी त्यानं गुंडाळली. प्रत्येक वेळी दोरी हातातून सरकवत तिच्यावर कुठे फुगवटा, कुठे कापलंय का ते बघायचं असतं, ते शिकला. दुसऱ्या दिवशी आपणहून रांगेत उभा राहिला आणि उतरला. वहीत रॅपलिंगबद्दल तीन ओळी आहेत, दोरी तपासण्याबद्दल दीड पान.

आता जे पटलं नाही ते. तीन दिवस मुलांचा फोन नाही हे मला मान्य होतं, पण पालकांच्या ग्रुपवर रात्री एक ओळ यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी एकही निरोप आला नाही. नंतर कळलं की निरोपाचं काम ज्या मुलीकडे होतं तिच्या फोनची बॅटरी संपली होती आणि दुसऱ्या कुणाला ते सांगायचं राहिलं. आम्ही आठ-दहा आया एकमेकींना फोन करत बसलो होतो. स्वच्छतागृहं दोनच, बावीस जणांना, सकाळी रांग लागायची. मुलींसाठी तरी एक वेगळं ठेवायला हवं. आणि सामानाच्या यादीत "ट्रेकिंगचे बूट" एवढंच लिहिलं होतं. तीन मुलांचे आदल्या आठवड्यात घेतलेले कोरे बूट होते, तिघांच्याही टाचांना फोड आले. बूट किमान महिनाभर घालून मऊ केलेले हवेत, एवढं यादीत लिहायला काय लागतं?

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या दिवसाची. उतरायचं कर्जतच्या बाजूनं होतं, कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला. ती वाट उभी उताराची आहे. सकाळी आठला निघायचं ठरलं होतं, आवराआवरीत साडेनऊ वाजले. लेण्यांपाशी मुलं रेंगाळली, ते योग्यच, इतकी जुनी बौद्ध लेणी पुन्हा कधी बघणार. पण उतरायला दुपार झाली, ऊन चढलं आणि शेवटच्या टप्प्यात तीन-चार मुलांचं पाणी संपलं. मोठ्यांकडे जादा पाणी होतं, ते वाटलं, कुणाला काही झालं नाही. तरी वाटेत नवी माणसं असताना वेळेचं गणित असं चुकता कामा नये. थोरल्या भावानं कोंदिवड्याला पोचल्याबरोबर आम्हा पालकांसमोर उभं राहून हे स्वतः सांगितलं, आम्ही विचारायच्या आधी. पुढच्या वेळी सामानाची बांधाबांध आदल्या रात्री होईल, असंही.

आम्ही साडेबारापासून कोंदिवड्यात उभ्या होतो. सव्वादोनला झाडीतून पहिली टोपी दिसली. मला वाटलं होतं पोर धावत येईल. तो आला नाही. भारद्वाज संघ ओळीत थांबला, संघनायक मुलीनं मागे वळून एक ते सहा मोजले, मग पाणी कुणाकडे किती उरलंय ते विचारलं, मग हात खाली केला. तेव्हा कुठे ती मुलं आमच्याकडे आली. लेकाचे ओठ फुटले होते, नखांत राख, गळ्यातला स्काऊटचा स्कार्फ काळा झालेला. तो स्कार्फ मी शिवलेला आहे, दोनदा धुऊनही धुराचा वास गेलेला नाही.

कुणाला पाठवावं? दहा वर्षांच्या पुढचं मूल, ज्याला दोन-तीन तास चालायची सवय आहे, त्याला नक्की. स्काऊट-गाइडमध्ये असेल तर गाठी, संघ, मार्गचिन्हं या सगळ्याचा शाळेच्या मैदानात न लागलेला अर्थ तिथे लागतो. ज्याला दमा किंवा कसली अ‍ॅलर्जी आहे त्याच्या पालकांनी आधी भावांशी बोलावं, ते एका मुलाला स्पष्ट नाही म्हणालेले मी ऐकलंय आणि ते बरोबरच होतं. ज्यांना रोज दहा फोटो हवेत त्यांनी पाठवू नये.

पुढचं शिबिर मेच्या शेवटी आहे, काजव्यांचं. तेव्हा राजमाचीच्या झाडांवर काजवे असतात आणि बघायला गर्दीही होते. बॅटऱ्यांच्या झगझगाटानं काजव्यांना एकमेकांचा उजेड दिसत नाही, म्हणून मुलांच्या बॅटऱ्यांवर लाल कागद लावायचं ठरलंय आणि तंबू गावाच्या दुसऱ्या बाजूला, गर्दीपासून लांब. त्या दिवसांत वळवाचा पाऊस कधीही येतो. तिन्ही तंबू आत्ता माझ्या कटिंगच्या टेबलावर उलटे पसरलेत. नवी टेप पुण्याहून आणलीय. जुनी टेप काढायचं काम लेक रोज शाळेतून आल्यावर करतो, नखानं, हळूहळू, कापडाला ओरखडा न येऊ देता. दोन तंबू झाले. तिसऱ्यावर त्याचा रुमाल आहे, तो काढून तिथे नायलॉनचं ठिगळ लावू का, असं मी विचारलं. म्हणाला, रुमाल राहू दे, वरून लाव.